मागचा आंबट

माझी जीभ हीच माझी नोकरी. बाकीच्या बायकांची जीभ घरात चालते, हिची कारखान्यातही चालते, असं माझा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. मी चहाच्या कारखान्यात चहा चाखते. मळ्यांवरून पत्ती येते, ती कशी आहे ते मी सांगते, आणि मग ती घ्यायची की परत पाठवायची ते ठरतं. लोकांना वाटतं, बाईची चैन आहे, दिवसभर आयता चहा. चैन कसली डोंबलाची. चहा मी पीतच नाही. चमचाभर घ्यायचा, फुर्रकन ओढायचा, तोंडात सगळीकडे फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. आईला हे शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. ती आपली सांगायची, मुलगी कारखान्यात मोठी अधिकारी आहे.

चाखायची खोली आमची वेगळी आहे. उत्तरेकडे मोठी खिडकी, कारण थेट ऊन आलं तर चहाचा रंग फसवतो. खिडकीलगत लांबलचक ओटा, त्यावर पांढऱ्या, बिनकानाच्या कपांची रांग, आणि प्रत्येक कपामागे झाकणाच्या भांड्यात भिजलेली पत्ती. थुंकायला कमरेएवढं उंच भांडं, त्याला चाकं. रांगेबरोबर ते पायाने पुढे ढकलत न्यायचं आणि प्रत्येक घोटाला त्यावर वाकायचं. अत्तर लावून आत यायचं नाही, वासाचं तेल नाही, कांदा खाऊन तर नाहीच. नवीन माणसाला मी दारातच हुंगून घेते. रांगेत पहिला कप नेहमी घरच्या चहाचा. घरचा चहा म्हणजे आमच्या नावाने जो विकला जातो त्याची ठरलेली चव. बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं.

आणि एक रीत आहे. रांगेत पहिली मी. मी चाखते, मोठ्याने शब्द सांगते, मग तोच कप बाकीचे चाखतात. तुरट, कडक, धुरकट, पिचका, जो असेल तो शब्द. आधी शब्द कानावर पडला की जीभ तो शोधायला लागते. लहान मुलाला आपण गाय दाखवून गाय म्हणतो, तसंच. मला माझ्या आधीच्या म्हाताऱ्या साहेबांनी असंच शिकवलं आणि मी पुढच्यांना तसंच शिकवत आले. माझ्या हाताखाली दोघं आहेत. एकीला मी चिमणी म्हणते, दोन पोरांची आई, घोट इतका बारीक घेते की तो तिच्या जिभेपर्यंत पोचतो कसा हाच प्रश्न पडावा. दुसरा मिशी. त्याची मिशी दर कपाला पुसावी लागते, पण काढ म्हटलं तर काढत नाही. दोघंही कामाला पक्के. माझ्या मागे खोली चिमणीच चालवणार हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

आता माझ्या पोटाचं सांगते, कारण खरं रामायण तिथेच आहे.

वजन माझं पहिल्यापासून दांडगं. गुडघे बोलायला लागले, रक्तातली साखर वाढली, एक जिना चढला की दोन माणसांचा श्वास मी एकटी घ्यायची. सगळे उपाय करून झाले तेव्हा वजन कमी करायचं ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जठर उभं कापायचं, मोठा भाग काढून टाकायचा, मागे केळ्याएवढी नळी ठेवायची. नळीत मावणार किती, तेवढंच खाल्लं जाणार. तेव्हाच त्यांनी हेही सांगितलं होतं की काही जणांना यानंतर आंबट पाणी वर येण्याचा त्रास होतो, कधीकधी फार होतो. नवरा सांगतो म्हणून सांगते. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. माझ्या कानात फक्त वजनाचे आकडे शिरले होते.

आणि वजन उतरलं हो. असं उतरलं की जुनी मैत्रीण दुकानात शेजारी उभी राहून ओळख न देता निघून गेली. गुडघे गप्प झाले, साखर ताळ्यावर आली. मी आरशासमोरून हलेना. नवरा गाडी शिकवायच्या शाळेत शिकवतो, सदा दुसऱ्याच्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेला माणूस, पण तोही तेव्हा हरखला होता.

मग जळजळ सुरू झाली. पित्त सगळ्यांनाच होतं, मलाही आधी व्हायचं, तसलं हे नव्हतं. छातीच्या मधोमध कुणी विस्तव ठेवावा आणि वर फुंकर घालत बसावं, तशी आग. आडवी झाले की आंबट पाणी थेट घशात. ठसक्याने जाग यायची, उशी ओली, आवाज बसलेला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की नळी अरुंद, खालचं तोंड आवळलेलं, त्यामुळे आतला दाब वरच्या बाजूला पळतो, आणि वरची झडप आधीच ढिली. मग नियम आले. सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि तिच्यानंतर थोडं थांबून खाणं. थोडं खायचं, चावून खायचं, जेवताना पाणी नाही. जेवण झालं की लगेच आडवं व्हायचं नाही. कमरेला घट्ट काही नाही. झोपताना डाव्या कुशीवर. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, नुसत्या उशा नाहीत, कारण उशांनी माणूस पोटात दुमडतो आणि आणखी वाईट होतं. नवऱ्याने विटा आणल्या. आम्ही दोघं रोज सकाळी पलंगाच्या पायथ्याशी गोळा झालेले सापडायचो. तो म्हणायचा, चढावर गाडी लावली की हँडब्रेक ओढावा लागतो, तुला ओढायला काही आहे का बघ.

शेवटचा नियम चहा-कॉफी बंद. मग त्यांनी विचारलं, काम काय करता. मी म्हटलं, कारखान्यात आहे. बसून की उभं? उभं, मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. नवरा शेजारी बसून नुसता खाकरला. घरी जाताना गाडीत त्याने तोंड उघडलं, की चहाचं का नाही सांगितलंस. मी त्याच्यावरच उखडले. चहा पिऊ नका म्हणाल्या, मी कुठे पिते, मी थुंकते. खरं कारण त्यालाही ठाऊक होतं. त्या बाई म्हणाल्या असत्या, हे काम सोडा. आणि हे काम सोडलं तर मी कोण? दुसरं काही मला येत नाही, आणि ही जीभ गेली तर तिच्याबरोबर मीही गेले. ही भीती मला ऑपरेशनच्या भीतीपेक्षा मोठी होती.

त्याच सुमारास मला चहात एक नवीन आंबटपणा सापडला.

पत्ती वाळवायला उशीर झाला तर चहा आंबटतो, हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. तो आंबटपणा जिभेच्या कडांना लगेच चावतो. हा तसा नव्हता. घोट ओढला की चहा ठीक. फिरवला, तरी ठीक. थुंकून सरळ उभं राहिलं, क्षणभर थांबलं, की मागून, गळ्याच्या खळग्यातून, पातळ धारदार आंबट वर यायचा आणि शेवटी थोडा कडवट होऊन जायचा. प्रत्येक कपात नाही. रांगेच्या शेवटाकडे जास्त. शेवटाला आम्ही डोंगरावरच्या मळ्यांचे कप ठेवतो, कारण तो चहा कडक, आधी चाखला तर पुढचं काही कळत नाही. तेव्हा मी म्हटलं, डोंगरावर काहीतरी बिघडलंय.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढीही अक्कल नव्हती का? नव्हती. माझ्या लेखी जळजळ ती जळजळ. ती छातीत, जेवल्यावर, आडवं झाल्यावर. सकाळी मी खोलीत शिरायची तेव्हा गोळी घेतलेली, पोट हलकं, तोंड स्वच्छ धुतलेलं. खोलीच्या आत माझं तोंड माझं नसतं, ते कपाचं असतं, असं मी मानत आले. तिथे जे लागलं ते चहाचंच, दुसऱ्या कशाचं असणार?

मी त्याला नाव दिलं, मागचा आंबट. इतक्या वर्षांत नवा दोष कुणी शोधला नव्हता, तो मी शोधला याचा मला काय गर्व झाला होता म्हणून सांगू. चिमणीला समोर उभं केलं, तिच्या गळ्याच्या खळग्यावर बोट टेकवलं आणि सांगितलं, इथे लक्ष ठेव. घोट घे, थुंक, सरळ उभी राहा, थांब. ती थांबली. लागत नाही बाई, म्हणाली. मी म्हटलं, तुझा घोट बारीक, मोठा घे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. बिचारी डोळे मिटून उभी राहायची. मग एक दिवस तिने डोळे उघडले आणि हळूच म्हणाली, लागला. पोरीने पहिलं पाऊल टाकलं की आईला होतं ना, तसं झालं मला. मिशीला तर त्याच्या आधीच लागला होता, किंवा लागला असं तो म्हणत होता.

मग काय, शब्द खोलीत रुळला. डोंगरावरची पत्ती परत जायला लागली. आधी एका मळ्याची, मग दुसऱ्या, मग जवळजवळ सगळीच. त्या जागी खालची, सपाटीवरची पत्ती यायला लागली. दुकानदार कुरकुरायला लागले की चहात पूर्वीचा दम नाही. मालक एकदा येऊन मला भीत भीत म्हणाले, बाई, सांभाळून घ्या. मी म्हटलं, आंबट चहा विकायचा असेल तर तसं सांगा, मी घरी बसते. ते परत गेले. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास, की स्वतःच्या जिभेला ते विचारतच नसत.

शेवटी डोंगरावरचा एक मळेवाला स्वतःच आला. म्हातारा, काटकुळा, नखांत पत्तीचा काळा रंग कायमचा बसलेला. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाला, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल, मला फक्त दाखवा कुठे आंबट आहे, म्हणजे मी घरी जाऊन दुरुस्त करतो. मालकही येऊन बसले आणि त्याच्या पत्तीची रांग लावली. तेवढ्यात मला ठसका लागला, असा की डोळ्यांतून पाणी, आणि मी तोंड धुवायला बाहेर गेले. परत आले तर चिमणी आणि मिशी दोघंही दाराबाहेर उभी. आतून मालकांनी हाक मारल्यावर आम्ही तिघं आत गेलो. कप भरून तयार होते, पत्तीच्या भांड्यांवर फडकी टाकलेली. मला वाटलं, म्हाताऱ्याला आपली पत्ती उघडी पाडायची नसेल. रंग सगळ्यांचा सारखा होता तेही माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, एकाच मळ्याची पत्ती, वेगळा कसा असणार.

पहिला कप चाखला. चांगला, मी म्हटलं, घरच्या चहाच्या जवळ जातो. चिमणीने चाखला, मान हलवली. दुसरा चांगला. तिसरा चांगला. चौथ्याला मी वाकले, थुंकले, सरळ झाले, थांबले, आणि तो आला, मागून, नेहमीसारखा. मागचा आंबट, मी सांगितलं. चिमणीने चाखला, थांबली, म्हणाली, हो, आहे. मिशी म्हणाला, आहे, आणि चांगला आहे. पाचव्याला जास्तच. सहाव्यात फारच. मी म्हाताऱ्याकडे वळून म्हटलं, बघा, तीन तीन माणसं सांगतायत.

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी एकेक फडकं उचललं आणि ओट्याखालून डबा काढून माझ्यासमोर ठेवला. आमच्या घरच्या चहाचा डबा.

"सगळ्या कपांत हाच आहे, बाई," ते म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, मला ओट्याची कड धरावी लागली. हा चहा मी इतकी वर्षं रोज चाखत आले. माझं नाव मी विसरेन, पण त्याची चव विसरणार नाही. आणि त्याला मी आंबट म्हटलं होतं, भर खोलीत, खणखणीत आवाजात. म्हातारा हळूच माझ्यासाठी स्टूल ओढत होता, आणि त्याच्या त्या चांगुलपणाने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग भानावर आले आणि माझा सगळा संताप त्या दोघांवर निघाला. माझी जीभ चुकली, समजू शकते, पण तुमचं काय? तुमच्या जिभा ठिकाणावर होत्या ना? मग हो हो काय करत होता? नंदीबैल आहात का? मी म्हटलं म्हणून आंबट, मी उद्या गोड म्हटलं तर गोड? मिशीने मान खाली घातली. चिमणी काहीतरी सांगायला गेली, मी तिला हातानेच गप्प केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मला गाडीत घातलं आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मला वाटत होतं की जिभेची नस मेली, किंवा मेंदूत काही झालं. या वेळी मी सगळं खरं सांगितलं, चहा, घोट, थुंकणं, रांग. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, तो आंबटपणा नेमका कसा लागतो ते सांगा.

ते मला सांगता येत होतं. तेवढंच तर मला येतं. मी सांगायला लागले, की घोटाबरोबर लागत नाही, थुंकायला वाकून सरळ झालं की लागतो. गळ्याच्या खळग्यातून येतो, पातळ असतो, धारदार, आणि शेवटी कडवट होतो. रांगेच्या शेवटाकडे वाढत जातो, कारण तोवर बरीच फुर्र करून हवा पोटात गेलेली... आणि इथे माझा मलाच आवाज ऐकू आला. वाक्य अर्धंच राहिलं. नवरा खाली बघत होता. मी महिनोन् महिने माझ्या पोटातलं अॅसिड चाखत होते आणि दुसऱ्यांच्या पत्तीवर त्याचं खापर फोडत होते. त्याला नाव देऊन बसले होते. तोंडचं पाणी पळालं माझ्या.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण दवाखान्याच्या गोष्टी ऐकायला कुणालाच आवडत नाहीत. दुर्बीण घालून बघितलं. अन्ननलिकेचा खालचा भाग सोलवटून निघालेला, आतलं अस्तर बदलायला लागलेलं. तुकडा काढून तपासला, कॅन्सर नाही निघाला, पण असंच चालू राहिलं तर पुढची खात्री कुणी देईना. गोळ्या वाढवल्या. आणि डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, की गोळ्यांनी आग दबेल, पाणी वर यायचं थांबणार नाही. त्यासाठी दुसरं ऑपरेशन, बायपास, म्हणजे त्या नळीचा वरचा भाग ठेवून अन्न सरळ पुढच्या आतड्यात सोडायचं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, या वेळी त्या काय सांगतात ते मीही ऐकतो आणि तूही ऐक. आम्ही तारीख घेतली.

रजेवर असताना मी सगळे नियम पाळले. चहा तोंडाजवळ आणला नाही. वाकायचं काम नवऱ्याकडे, जेवण चार घासांचं, आणि डाव्या कुशीचं तर असं की उजवा कान उशी कशी असते तेच विसरला. आग उतरली, घसा मोकळा झाला. आणि त्या रिकाम्या दिवसांत मी एकच विचार केला. माझं पोट दुरुस्त होईल किंवा नाही होणार, पण खोलीचं काय? खरा रोग त्या रितीत होता. मी आधी बोलते म्हणून बाकीचे बोलत नाहीत. ती रीत मोडायची. ऑपरेशनला जाण्याआधी खोली चिमणीच्या हातात द्यायची, पहिला शब्द तिचा, मी एक अवाक्षर काढायचं नाही. मालक तयार झाले, फक्त म्हणाले, माझ्यासमोर एकदा होऊन जाऊ दे. रजेच्या काळात त्यांनी नवीन खरेदी बंदच ठेवली होती, सगळं आमच्यावर अडलं होतं.

ठरल्या दिवशी मी लवकर गेले. घरच्या चहाचा नवा डबा मालकांसमोर फोडला. आधी स्वतः एकच चमचा चाखला, उभ्याउभ्या, न वाकता, रुमालात थुंकून. थांबले. मागून काही आलं नाही. चहा तसाच होता, आमचा, स्वच्छ, भरलेला, आणि मला रडूच फुटलं. मालकांनी चाखला, म्हणाले, आता तर मलाही कळतंय. मग आम्ही दोघांनी मिळून सगळी रांग त्याच चहाने भरली आणि पत्तीवर फडकी टाकली. चिमणी खरं बोलली तर सगळे कप एकच आहेत हे तिच्या तोंडून आपोआप येणार होतं. मला तिला पकडायचं नव्हतं, तिला मोकळं करायचं होतं.

चिमणी आणि मिशी आत आली. मी चिमणीला सांगितलं, आज पहिला शब्द तुझा, मनात येईल तो, मी रागावणार नाही. आणि माझा चेहरा वाचू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पाठीमागे तिचा बारीक घोट ऐकू आला. मग थुंकल्याचा आवाज. चांगला, ती म्हणाली. पुढचा, चांगला. चाकं सरकली. तिच्या आवाजात जरा धीर यायला लागला तसा माझाही जीव भांड्यात पडत होता. मग एका कपाला ती जास्त वेळ थांबली.

"मागचा आंबट," चिमणी म्हणाली.

मी गर्रकन वळले. मालक तोंड उघडं टाकून बघत होते. ती कपाजवळ सरळ उभी होती, डोळे मिटलेले, बोट गळ्याच्या खळग्यावर. भीड नव्हती त्या चेहऱ्यावर, मिंधेपणा नव्हता. काम करणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो, मी घडवलेला. मी मऊ आवाजात म्हटलं, चिमणे, मला बरं वाटावं म्हणून आता काही म्हणू नकोस, हा आपला घरचा चहा आहे, आताच डबा फोडलाय.

"ओळखला मी, बाई. पहिल्याच कपाला ओळखला," ती म्हणाली. "घरचाच आहे. पण त्यात आंबट आहे. त्या दिवशीही होता. मी तेच सांगत होते, तुम्ही बोलू दिलं नाहीत."

मी तिला सगळं सांगितलं. नळी, झडप, वर येणारं पाणी, दुर्बिणीत काय दिसलं ते. म्हटलं, तो आंबट चहात कधी नव्हताच, माझ्या पोटात होता, डॉक्टरांनी दाखवून दिलंय. तिने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं. मध्येच तिने मिशीकडे बघितलं. त्याने तोच कप चाखला होता, मिशी पुसत होता, आणि माझी नजर चुकवून त्याने हळूच मान हलवली, आहे म्हणून.

"तुमचं पोट बिघडलं होतं, मान्य," चिमणी म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट माझी कीव होती. "पण बाई, माझं तर ठणठणीत आहे. मग मला का लागतो?"

मालक एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. माझ्या आंबटावर डॉक्टरीणबाईंकडे गोळ्या होत्या, ऑपरेशन होतं, तारीखही ठरली होती. हिच्या घशात दुर्बीण घातली तर तिथे काहीच दिसणार नव्हतं. मालकांनी विचारलं, बाई, आता मी कुणाचं ऐकू?

चिमणी थोडा वेळ माझ्या उत्तरासाठी थांबली. मग तिने भांडं पायाने पुढे ढकललं, पुढच्या कपात चमचा बुडवला, घोट ओढला, वाकून थुंकली, सरळ उभी राहिली आणि डोळे मिटले.